पॅकहाउसला कॉम्प्युटर कशाला?

सप्रेम नमस्कार,

तुमची लेक अन्न तंत्रज्ञानाच्या बी.टेक.ला शेवटच्या वर्षात आहे. पॅकहाउसमध्ये जंतू कसे पसरतात हे कॉम्प्युटरवर मांडून शोधायचं, त्यासाठी अमेरिकेत एम.एस. करायचं म्हणते. तुमचं स्वतःचं द्राक्षं निवडून भरायचं पॅकहाउस. ‘फरशी घासली की जंतू जातात, त्याला कॉम्प्युटर कशाला?’ असं तुम्ही विचारता.

२०११ साली कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया नावाचा जंतू अमेरिकेच्या २८ राज्यांत पोचला. १४७ जण आजारी पडले, ३३ दगावले. तपासात निघालं काय, तर फरशीवर साचलेलं पाणी आणि खरबुजांसाठी आणलेलं बटाटे धुण्याचं जुनं यंत्र, जे नीट साफच होत नव्हतं. हा जंतू कोल्ड स्टोरेजच्या गारठ्यातही वाढतो. तुमची द्राक्षं धुवत नाहीत हे खरं, पण तिकडची सफरचंदं पाण्यातून आणि ब्रशच्या रोलरवरून जातात.

आता गोम अशी, की चालू पॅकहाउसमध्ये मुद्दाम लिस्टेरिया सोडून तो कुठे जातो हे बघता येत नाही. स्वॅब घ्यायचे ते मोजक्या जागांचे, आणि निकालाला दिवस लागतात. म्हणून कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर पॅकहाउसच्या प्रतिकृती रचल्या. त्यांत प्रत्येक यंत्र, बेल्ट, कामगार वेगळा. कोण कशाला किती वेळा शिवतं याचे नियम ठरलेले. मग काम तासातासाने पुढे सरकवायचं, आणि तेही पुन्हा पुन्हा. नालीवरून गेलेलं फोर्कलिफ्टचं चाक घाण कुठवर नेतं? स्वॅब काम सुरू होण्याआधी घ्यावा की मधल्या सुट्टीत? हे तिथे विचारता येतं.

तेव्हा विषय खरा आहे. माझी शंका वेगळीच: तिला हे काम आवडतंय की अमेरिका? (राग नसावा.) ते कळायला कर्ज काढावं लागत नाही. अशा प्रतिकृती रचायचं नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. या हंगामात तिने वही घेऊन तुमच्याच शेडमध्ये चार दिवस उभं राहावं. क्रेट कुठे टेकतं, हातमोजे कधी बदलतात, कोण कुठून कुठे जातं, सगळं टिपावं आणि नेटलोगोत उतरवावं. त्यात रमली, तर संख्याशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र पक्कं करून, तेच काम दाखवत प्राध्यापकांना लिहावं. असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून त्या बदल्यात मिळणारा खर्च) मिळाली तरच जावं. कंटाळली, तर गेटची प्रवेश परीक्षा देऊन इथे एम.टेक. करता येईल. निव्वळ प्रतिकृती बनवायच्या नोकऱ्या थोड्या. कंपन्या घेतात त्या अन्नसुरक्षेच्या कामाला, हे कौशल्य वरचढ ठरतं इतकंच.

शेडचा नकाशा काढताना तुम्ही सोबत उभे राहा. पाणी कुठे तुंबतं ते तिच्याहून तुम्हाला जास्त ठाऊक.