फ्लॅट मुलांच्या नावावर करून टाकू का?

पत्र थोडक्यात असं: "मी ६१ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी मिस्टर गेले. चिंचवडचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. नॉमिनी मी, म्हणून सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं. गेल्या वर्षापासून ओळखीतले एक गृहस्थ माझ्यासोबत राहतात. लग्न केलं तर मिस्टरांच्या पीएफची पेन्शन थांबेल, म्हणून केलं नाही. मुलगा म्हणतो, 'आई, तू खुशाल राहा, पण आधी फ्लॅट आमच्या नावावर कर.' मुलगी गप्प आहे. या गृहस्थांनी साडेतीन लाख घालून माझं स्वयंपाकघर नवं केलंय. काय करू?"

ताई, आधी नको ती बातमी सांगते. तो फ्लॅट सगळा तुमचा नाहीच. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीनं व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरतं ते नाव. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं तुम्ही, मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी. तेव्हा सासूबाई हयात असतील तर त्याही. म्हणजे मुलगा जे वाचवायला धडपडतोय, त्यातलं बरंचसं आधीच त्याचं आणि बहिणीचं आहे. हे त्याला सांगाच, निम्मा ताप तिथेच उतरेल.

राहिला तुमचा वाटा. नुसतं सोबत राहिल्यानं ते गृहस्थ तुमचे वारस होत नाहीत. उद्या लग्न केलंत तर मात्र, मृत्युपत्र नसल्यास, पती म्हणून ते मुलांच्या बरोबरीनं वारस ठरतील, पहिल्या मिस्टरांकडून आलेल्या मालमत्तेतसुद्धा. पेन्शनचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पुनर्विवाह केला की ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतली, विधवा पेन्शन थांबते.

मुलाच्या हट्टापायी बक्षीसपत्र करू नका. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, त्यामुळे लोक भराभर सह्या करून मोकळे होतात. एकदा नोंदलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. 'आईला सांभाळीन' अशी अट त्यात लिहिलेली असेल तर ज्येष्ठ नागरिक कायद्यात थोडा आधार मिळतो, पण म्हातारपणी कुणी सांगितलंय त्यासाठी प्रांताच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) कचेरीत खेटे घालायला?

मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुम्ही दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, कारण तुमच्या घरात पुढे दोन तट पडू शकतात. साक्षीदार दोन हवेत, त्यात मुलं नकोत आणि ते गृहस्थही नकोत. एक साक्षीदार तुमचे नेहमीचे डॉक्टर असले तर 'आई शुद्धीत नव्हती' म्हणायला कुणाला जागा राहत नाही. हिंदूंच्या बाबतीत पुढे लग्न केल्यानं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, आणि तुम्हाला ते हवं तेव्हा बदलता येतं.

तुमच्या माघारी त्या गृहस्थांनी तेराव्यालाच बॅग भरायची का? वर्षभर राहू द्यावं, असं मृत्युपत्रात लिहा. 'हयातभर' लिहू नका. मेंटेनन्स कोण भरणार, घर विकायचं कधी, यावरून मुलं आणि ते कोर्टात उभे राहतील. शिवाय तुम्ही लिहाल ते तुमच्या वाट्यापुरतंच, त्यामुळे या वर्षभराला मुलांचा होकार आत्ताच घ्या. गप्प बसलेल्या मुलीला आधी विचारा. तुमच्या पाटल्या कुणाला, तेही त्याच कागदात येऊ द्या.

एफडीवर त्या गृहस्थांचं नाव घालायच्या फंदात पडू नका. घरखर्चाला वेगळं छोटं जॉइंट खातं पुरे.

आणि ते साडेतीन लाख. मला फ्लॅटपेक्षा याचीच काळजी जास्त वाटते. आज ते प्रेमानं दिलेत. उद्या त्यांना काही झालं आणि त्यांच्याकडच्या माणसांनी हिशेब मागितला, तर तुम्ही काय दाखवणार? भेट की उसने, ते दोघांच्या सहीनं, तारखेसकट लिहून ठेवा. उसने असतील तर तुमच्या मृत्युपत्रात त्या परतफेडीची ओळ टाका. ते संकोचतील, म्हणून विषय तुम्हीच काढा, आणि ट्रॉलीवाल्याची बिलं त्याच फायलीत लावून ठेवा.