बोली ८० डॉलरची, नफा किती?

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. ४५ डॉलरला घेतलेली जुनी कॅमेरा-लेन्स ईबेवर लिलावात ८० डॉलरला गेली. शुल्काचा दर १३.६ टक्के, म्हणजे १०.८८ डॉलर. २४ डॉलर सुटायला हवे होते, सुटले १७ सुद्धा नाहीत. ग्राहकाकडून टपालाचे १२ डॉलर घेतले, प्रत्यक्षात १४.५० लागले. खोक्याला आणि बबल रॅपला २ डॉलर. चूक कुठे?

उत्तर : टक्केवारी तुम्ही नुसत्या बोलीवर लावलीत. ईबे ती ग्राहकाने भरलेल्या एकूण रकमेवर लावते. त्यात टपालखर्च आला आणि विक्रीकरही. तो कर तुमच्या खिशात येत नाही, पण शुल्क त्यावरही बसते! कर ६ डॉलर धरला, तर ८० + १२ + ६ = ९८. त्याचे १३.६ टक्के १३.३३, वर ऑर्डरमागे ४० सेंट, झाले १३.७३. आता बोली आणि टपाल मिळून तुमच्याकडे आलेल्या ९२ मधून १३.७३, १४.५०, २ आणि ४५ वजा करा. उरतात १६.७७.

टपालात २.५० तुम्हीच भरलेत. पार्सल खोक्यासकट, टेप मारून झाल्यावर वजन करा. नुसती लेन्स तोलून दर टाकला की असे होते.

पुढच्या वेळी बोली उघडण्याआधी उलटा हिशेब करा. कर धरून शुल्क बोली आणि टपाल मिळून होणाऱ्या रकमेच्या साधारण १४.५ टक्के पडते, म्हणजे तुमच्याकडे ८५.५ टक्के उरतात. ४५ + १४.५० + २ + ०.४० = ६१.९०, त्याला ०.८५५ ने भागा, ७२.४० येतात. टपालाचे १२ वजा केले की ६०.४०. याखाली बोली थांबली तर तोटा. ९९ सेंटपासून बोली सुरू करायची हौस दोघे-तिघे नक्की भिडणार अशा वस्तूपुरतीच ठेवा.