कोअर २ ड्युओ लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधी काळी स्क्रीन, मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ चा लॅपटॉप, २ जीबी रॅम. पेनड्राइव्हवरून मिंट या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती सुरू केली की लोगो दिसून स्क्रीन काळी पडते. मित्राने कसंबसं इन्स्टॉल करून दिलं, तर आता मशीन ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणतं. हार्ड डिस्क गेली का?

बहुधा नाही. इन्स्टॉलर शेवटपर्यंत पोचला, म्हणजे डिस्कवर लिहिता येतंय. खात्रीसाठी लाइव्ह मिंटमधल्या (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) ‘डिस्क्स’मध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, उघडा आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर (वाचताना अडलेले डिस्कचे छोटे तुकडे) शून्य आहे ना, ते बघा. शून्य नसेल तर पुढचं वाचण्याआधी डिस्क बदला.

काळी स्क्रीन हा वेगळाच बिघाड आहे, तो ग्राफिक्सचा. पेनड्राइव्हच्या मेनूत ‘स्टार्ट लिनक्स मिंट’वर उभं राहून टॅब दाबा (टॅबने काही झालं नाही तर ई). खाली जी लांब ओळ येते तिच्यातलं ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडून ‘नोमोडसेट’ लिहा, मग एंटर. ई दाबून आला असाल तर एफ१०. कमांड इथे देवनागरीत देतोय, टाइप करताना अर्थातच रोमन, लहान अक्षरांत. लॅपटॉपमध्ये इंटेलची ९६५ चिपसेट असेल तर नोमोडसेटऐवजी ‘व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी’ करून बघा, यातलं एसव्हिडिओ मात्र मोठ्या अक्षरांत. त्या चिपला नसलेला टीव्ही जोडलेला भासतो, आणि या शब्दांनी ते आउटपुट बंद होतं. नोमोडसेट कायम ठेवू नका, त्याने स्क्रीनचं रिझोल्यूशन आणि वेग दोन्ही मार खातात. आणि कंपनीच्या लोगोवरच रेघा दिसत असतील तर लिनक्सचा दोष नाही. ग्राफिक्स चिप किंवा पॅनेल गेलंय.

आता मुख्य दुखणं. आधी एक सोपी परीक्षा: पेनड्राइव्ह लावलेला असताना इन्स्टॉल केलेलं मिंट सुरू होतं आणि काढला की हा संदेश येतो, असं आहे का? तसं असेल तर ग्रब, म्हणजे मिंट सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम (बूटलोडर), चुकून पेनड्राइव्हवर बसलाय. पेनड्राइव्ह लावूनच मशीन सुरू करा, ‘एलएसबीएलके’ने डिस्कचं नाव बघा आणि ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ चालवा. एसडीए१ नाही, एसडीए. आकडा लावला की ग्रब पार्टिशनच्या (डिस्कच्या एका भागाच्या) आत जातो, आणि बायोस, म्हणजे मशीन चालू होताच जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, तिथे डोकावतही नाही.

तसं नसेल तर माझा संशय पार्टिशन तक्त्यावर, म्हणजे डिस्कवर कुठला भाग कुठे आहे त्या यादीवर. ‘इरेज डिस्क’ निवडलं की अलीकडचे इन्स्टॉलर जुन्या बायोसवरही जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ता बनवतात. ग्रबला त्याचं वावडं नाही. १ एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन असलं की तो त्यात बसतो. (जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या सेक्टरनंतरच्या मोकळ्या जागेत बसायचा, जीपीटीत तिथे तक्ताच असतो.) अडतो तो बायोस. नियमाप्रमाणे त्याने पहिला सेक्टर वाचून त्यातला कोड चालवायचा, बस. पण काही लॅपटॉपांचे बायोस आगाऊपणे त्याच सेक्टरमधल्या पार्टिशनच्या नोंदीही तपासतात. एकीच्या तरी सुरुवातीला ८० हा हेक्स आकडा, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ची खूण, दिसली नाही की डिस्क बूट करण्याजोगी नाही असं ठरवून मोकळे. जीपीटीच्या नियमानुसार तिथे शून्य असतं. म्हणून डिस्क ठणठणीत, मिंट जागेवर, तरी हा संदेश.

पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह मिंटमध्ये टर्मिनल उघडून एवढंच करा: ‘सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीए डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन’. ती खूण लागते, डेटाला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा.

तरीही तोच संदेश आला तर एमबीआरवर जा. लाइव्ह मिंटमधल्या जीपार्टेड या पार्टिशन करायच्या प्रोग्राममध्ये डिव्हाइस मेनूतून नवा पार्टिशन तक्ता, प्रकार एमएसडॉस, म्हणजेच एमबीआर (डिस्कवरचं सगळं जाईल, आधी बॅकअप). एक एक्स्ट४ पार्टिशन करून त्याला बूट फ्लॅग लावा. इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’च निवडा, कारण ‘इरेज डिस्क’ पुन्हा जीपीटी करून ठेवेल. त्याच पानावर तळाशी बूटलोडरसाठी जागा विचारतात, तिथे पूर्ण डिस्क द्या. एमबीआरची मर्यादा २ टीबीची, तुमच्या लॅपटॉपला ती आडवी येणार नाही.

संदेशाऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ आलं तर आनंदच माना: बायोसने ग्रब शोधला, फक्त ग्रबला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत.

बायोसमधली तारीखही बघून घ्या. दर वेळी २००९ वर परत जात असेल तर सीमॉस सेल, म्हणजे लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल, संपलाय. त्याच्याबरोबर बूटचा क्रमही पुसला जातो, आणि तारीख मागे असली की अपडेट करताना ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ अशी ओरड होते. बऱ्याच लॅपटॉपांत हा सीआर२०३२ सेल वायर आणि कनेक्टरसकट असतो, दुकानात जुना काढून दाखवा.