घरची सुतारशाळा: आधी धार, मग खरेदी

खंडेनवमीच्या आधीचे पंधरा दिवस मला हत्यारांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त येतात. वर्षभर माळ्यावर पडलेली पेटी पूजेसाठी खाली येते, आतला गंज दिसतो आणि मग आठवण होते. या वेळी आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत.

आम्ही नवरा-बायको पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी सुतारकाम शिकायचं आहे. दहा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. एकाच पेटीत पन्नास-साठ हत्यारं येतात, तो संच घ्यावा का?

घेऊ नका. त्या पेटीतली निम्मी हत्यारं पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरची टोकं असतात, आणि लाकूड कापणारी जी चार-दोन असतात त्यांचं पोलाद मऊ असतं. आधी पहिली वस्तू ठरवा. समजा, पाट करायचा आहे. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. त्यासाठी लागतं काय? एक करवत, लाकूड तासून गुळगुळीत करायला एक लोखंडी रंधा, काटकोन तपासायला गुण्या, पोलादी पट्टी, ड्रिल आणि लाकूड आवळून धरायला दोन शिकंजे. पुढे खाचा पाडायला लागाल तेव्हा ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या तीन पटाश्या, म्हणजे लाकडाच्या छिन्न्या. एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. यातले साधारण पाव पैसे धार लावायच्या दगडासाठी राखून ठेवा. हे नवखी माणसं कधीच करत नाहीत.

रविवार पेठेत बोहरी आळीत जा आणि हत्यार हातात घेऊन बघा. गुण्या दुकानातच तपासता येतो. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ ओढा, मग तो उलटा फिरवून त्याच जागी दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर घ्या. फाकल्या तर ठेवून द्या. दिसते त्याच्या निम्मी चूक त्या गुण्यात आहे. करवतीच्या दातांची टोकं काळी-निळी दिसत असतील तर ती तापवून कडक केलेली असतात. अशी करवत बरेच दिवस टिकते, पण बोथट झाली की तिला कानस लागत नाही, नवीनच घ्यावी लागते. धार लावायला शिकायचं असेल तर साध्या दातांची घ्या.

मी नाशिकची. नवी कोरी पटाशी आणली, पण ती लाकूड कापत नाही, चिरडते. दुकानदार म्हणतो, धार लावून घ्या. नव्या हत्याराला धार नसते का?

नसते, ताई. कारखान्यातून पटाशी फक्त आकार देऊन येते, धार आपण लावायची असते. आणि रस्त्यावर सायकलच्या चाकावर सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे पटाशी देऊ नका. सुरीला त्याची धार चालते, पटाशीची मात्र मागची बाजू, म्हणजे पाठ, सपाट हवी आणि पुढचा तिरका उतार एका कोनात हवा.

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. म्हणून सुरुवात पाठीपासून. नव्या पटाशीच्या पाठीवर यंत्राचे ओरखडे असतात. जाड सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाण्याने चिकटवा आणि पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग त्यावर घासा. मग त्याहून बारीक ४००, ८००, १५०० नंबरचे. तेवढा भाग एकसारखा चमकेपर्यंत थांबायचं नाही. याला तासभर लागेल, हात भरून येतील, पण हे आयुष्यात एकदाच करायचं काम आहे. पाठ नीट नसेल तर उतार कितीही घासा, धार येत नाही. बहुतेक जण इथेच कंटाळतात आणि हत्याराला दोष देतात.

मग उतार. बहुतेक पटाश्यांना तो २५ अंशांचा असतो. शेवटची धार ३० अंशांवर लावायची, म्हणजे टोकाचा केसभर भागच घासला जातो आणि काम लवकर होतं. हाताने कोन धरणं जमत नसेल तर चाक असलेला कोन-धारक मिळतो, तो वापरण्यात काहीही कमीपणा नाही. घासता घासता पाठीकडे बोट आडवं फिरवून बघा, एक बारीक खरखरीत कड लागेल. वर्कशॉपात तिला ‘बर’ म्हणतात. ती पटाशीच्या पूर्ण रुंदीवर लागली की समजायचं, आपण टोकापर्यंत पोचलो. मग बारीक कागदावर आलटून-पालटून पाठ आणि उतार फिरवत ती बर काढून टाकायची. शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवी पॉलिश पेस्ट लावून पटाशी दहा-बारा वेळा मागे ओढा. मागेच, पुढे ढकललीत तर चामडं कापलं जाईल.

परीक्षा नखावर किंवा दंडाच्या केसांवर घेऊ नका. पाइनच्या फळीचं टोक घ्या, जिथे लाकडाच्या नसा तुटलेल्या दिसतात. तिथून पटाशीने पातळ पापुद्रा निघाला आणि खालचा भाग गुळगुळीत राहिला तर धार लागली. पांढरट, फाटका दिसला तर पुन्हा बसा.

कागद सारखे संपतात, म्हणून पुढे दुहेरी दगड घ्या, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. त्यावर खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका, ते चिकट होऊन दगडाची छिद्रं बुजवतं. शिलाई मशीनचं तेल थोडं रॉकेल घालून पातळ करा. सागावर काम करत असाल तर धार लवकर जाते, कारण सागाच्या लाकडात सिलिका असते, वाळूत असते तीच. तासाभराने दोन मिनिटं थांबून पटाशी चामड्यावर फिरवायची सवय लावा.

आणि विजेच्या ग्राइंडरपासून जपा. शिकत असताना मी एक उत्तम पटाशी त्यावर घालवली. टोक निळं झालं म्हणजे पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. तेवढा भाग पुढे कधीच धार धरत नाही, घासून काढूनच टाकावा लागतो. ग्राइंडर वापरायचाच असेल तर शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि बोटाला चटका लागायच्या आत बुडवा.

आमचं घर गुहागरला, समुद्रापासून जवळ. पावसाळ्यात हत्यारं अक्षरशः लाल होतात. काय करावं?

खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, तुमच्याकडे लढाई अवघडच. पहिली चूक बहुधा अशी असते: हत्यारं वर्तमानपत्रात किंवा चामड्याच्या म्यानात ठेवतात. दोन्ही ओल धरून ठेवतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलणारे दाणे असतील तर ते अधूनमधून तापवून कोरडे करा. काम झालं की हत्यार हाताचा घाम पुसून, यंत्राच्या तेलाच्या बोळ्याने पुसून मगच आत. जवसाचं तेल लोखंडाला लावू नका, ते वाळून गोंदासारखं बसतं.

लागलेला गंज काढायला साधं व्हिनेगर पुरतं. पोलादी भाग रात्रभर बुडवा, सकाळी पितळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते पोलाद खातं आणि त्याच्या वाफेने शेजारची चांगली हत्यारंही गंजतात.

खंडेनवमीला हत्यारांना हळद-कुंकू आणि फुलं वाहतो, ते दसऱ्याच्या दिवशी पुसून तेल लावायला विसरू नका. ओलं हळद-कुंकू राहिलं तिथे मी नेमके ठिपके पडलेले पाहिले आहेत.

ठाण्यात आमच्याकडे आलेले मिस्त्री मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून सगळं प्लायवूड कापतात. तसाच कटर घेऊन टेबलाखाली उलटा बसवला तर घरच्या घरी टेबल-सॉ होईल का?

टेबल-सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत, होईल, आणि म्हणूनच मला तुमची काळजी वाटते. हे करू नका. चार इंची मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो. लाकडासाठी बनवलेला सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची हातात धरायची विजेची करवत, साधारण पाच हजार. पात्याच्या कडेचा वेग काढला तर छोटा कटर मोठ्या सॉच्या जवळजवळ दीडपट वेगाने फिरतो. तो बनवला आहे दगड-फरशीसाठी, दात नसलेल्या डायमंड चकतीसाठी. दात असलेलं पातं लाकडात अडकलं की फळी किंवा यंत्र अंगावर उसळतं. टेबलाखाली उलटा बसवला की त्याच्यावरचं संरक्षक कव्हर निघतं, कापलेलं लाकूड पात्यावर मिटू नये म्हणून मागे जी पाचर लागते तीही नसते, आणि बटण हाताशी राहत नाही. मिस्त्रींची बोटं शाबूत आहेत ती त्यांच्या वीस वर्षांच्या हातामुळे, यंत्रामुळे नव्हे. सगळ्यांची शाबूत नसतात, हेही मी पाहिलं आहे.

प्लायवूड सरळ कापायचं असेल तर हातातला सर्क्युलर सॉ आणि शिकंज्याने आवळलेली सरळ पट्टी, एवढं पुरतं. मोठे तुकडे तर दुकानदाराकडूनच मापाने कापून घ्या. यंत्रावर हातमोजे घालू नका, पातं मोज्यासकट हात आत ओढतं. चष्मा आणि एन-९५ मास्क मात्र हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुश्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

आजोबांचा लाकडी रंधा साताऱ्याच्या घरी सापडला. ते सुतार होते. लाकडाला बारीक भोकं पडली आहेत, पातं गंजलंय. वापरता येईल की शोभेला ठेवू?

वापरा. आधी पातं आवळून धरणारी लाकडी पाचर काढा: रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने टोले द्या, ती सैल होईल. भोकांतून पिठासारखा भुसा पडतोय का ते पाहा. पडत असेल तर किडा अजून जिवंत आहे. पातं बाजूला काढून लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि दोन आठवडे उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. संग्रहालयांत लाकडी वस्तूंसाठी हीच पद्धत वापरतात. बाहेर काढल्यावर पूर्ण नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर पाणी धरेल.

पात्याचा गंज वर सांगितला तसा काढा. जुनी पाती जाड असतात आणि कित्येकदा मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. पाठ घासताना दोन रंग दिसले तर घाबरू नका. पोलादाचा थर टोकाशी शिल्लक आहे तोवर पातं चांगलं. रंध्याचा तळ काचेवरच्या कागदावर घासून सपाट करा, पातं आणि पाचर जागेवर बसवून, फक्त पात्याची धार आत ओढलेली ठेवून. पाचरीच्या दाबाने तळ किंचित बदलतो. पातं खोल करायचं तर पात्याच्या डोक्यावर हलका टोला, वर घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या टोकावर. ठेवताना पाचर सैल करून ठेवा.

मागच्या बाजूला जिथे लाकूड खोलगट आणि काळंभोर झालं असेल ती जागा मात्र घासू नका. तो आजोबांचा तळहात आहे. तुमचा हात तिथे बसतो का, ते आधी बघा.