नवे फादर आले, पण ओळख दारातच अडली

प्रश्न : आमच्या वसईतल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जूनमध्ये नवे प्रमुख धर्मगुरू आले. प्रवचन छान करतात, पण मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर दारात ‘कसे आहात, फादर?’ याच्या पुढे बोलणं सरकत नाही. जेवायला बोलवावं का?

उत्तर : बोलवा, पण पहिल्या महिन्यात नको. तेव्हा आमंत्रणांची झुंबड असते आणि फादर ज्यांच्याकडे आधी जेवले ‘त्यांचेच झाले’, ही कुजबुज आळीत लगेच सुरू होते. मिस्सेनंतरचं दार बोलायला सगळ्यांत अडचणीचं. मागे रांग, पुढची मिस्सा तोंडावर, त्यातच कुणीतरी मयताचा निरोप घेऊन उभं. तिथे नाव आणि आळी सांगा, ‘भेटायला कधी येऊ?’ एवढं विचारा आणि बाजूला व्हा. मग कार्यालयाच्या वेळेत फोन करून वीस मिनिटांची वेळ घ्या.

या भेटीत तक्रार नको, आधीच्या फादरांची स्तुती तर मुळीच नको. ‘ते असताना असं होत नव्हतं’ हे वाक्य नव्या माणसाने आल्यापासून बरेचदा ऐकलेलं असतं. याआधी ते कुठल्या धर्मग्रामात होते, घरी कोण आहे, धर्मगुरूदीक्षेचा दिवस कोणता, हे विचारा. दीक्षेची तारीख वहीत टिपून ठेवा. वाढदिवसाला शुभेच्छा सगळेच देतात, या दिवशी थोडेच. ते धर्मप्रांताचे (बिशपांच्या हाताखालचे) आहेत की एखाद्या संन्यासी संघाचे, हेही कळू द्या. संघाच्या धर्मगुरूंनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, धर्मप्रांताच्या नाही. भेटवस्तू काय द्यावी याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

जेवणाचं आमंत्रण सोमवार ते गुरुवारच्या संध्याकाळचं द्या. शनिवारी संध्याकाळी बहुतेक ठिकाणी रविवारचीच मिस्सा असते आणि उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या) शुक्रवारी मांसाहार चालत नाही. सहायक फादरांनाही बोलवा. एकालाच बोलावलं की दुसरा बंगल्यात एकटा जेवतो. मधुमेह, रक्तदाब आधी विचारून घ्या. इतर पाहुणे दोन-तीनच असू द्या. पंधरा माणसं जमवलीत तर फादर पुन्हा भाषणच करतील.

प्रश्न : फादर घरोघरी येणार म्हणे. सहा महिने झाले, आमची आळी अजून आली नाही.

उत्तर : जरा हिशेब करा. 600 कुटुंबं, आठवड्यातल्या चार संध्याकाळी, रोज पाच घरं. म्हणजे आठवड्याला 20 आणि सगळी घरं व्हायला 30 आठवडे. त्यात लग्नं, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मयत. चर्चच्या कायद्याच्या कलम 529 मध्ये प्रमुख धर्मगुरूंनी कुटुंबांना भेटी द्याव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे. पण किती दिवसांत, ते म्हटलेलं नाही. तुमच्या समूहाच्या (आळीतल्या कुटुंबांच्या गटाच्या) प्रमुखाकडून आळीची तारीख मागून घ्या.

भेट पंधरा-वीस मिनिटांची असते. टीव्ही बंद, घरातली सगळी माणसं हजर, टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस आणि मेणबत्ती. चहा पुरे. प्रत्येक घरी प्लेट भरून खाणं आलं की पाचव्या घरी फादर हात जोडतात आणि गृहिणी रुसते! घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर आधी कळवा, म्हणजे ते कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) सोबत आणतील. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) फक्त शेवटच्या घटकेला असतो हा समज सोडा. गंभीर आजारात किंवा मोठ्या ऑपरेशनआधीही तो देता येतो; माणूस शुद्धीवर असताना बोलावलंत तर दोन शब्द बोलणंही होतं.

प्रश्न : भेटीला गेल्यावर पाकीट द्यायचं की नाही?

उत्तर : सक्ती नाही. दिलंत तर पाकिटावर कशासाठी ते लिहा : मिस्सेचा हेतू (ठरावीक व्यक्तीसाठी किंवा कारणासाठी मिस्सा), चर्च फंड, गरिबांसाठी, की फादरांना वैयक्तिक. कलम 1267 नुसार प्रमुख धर्मगुरूंच्या हातात दिलेली देणगी, उलट काही सिद्ध होत नसेल तर, चर्चलाच दिली असं धरलं जातं. घोळ होतो तो कोऱ्या पाकिटांमुळे. ‘मी फादरांना दिले’ आणि ‘मी चर्चला दिले’ हे दोन्ही दावे एकाच पैशांवर होतात. मोठ्या रकमेची पावती मागायला संकोच करू नका.

प्रश्न : फादर वेदीवरचे पंखे, स्पीकर सगळं बदलायला निघालेत. आम्ही कुणाशी बोलायचं?

उत्तर : आधी त्यांच्याशीच, आणि प्रवचनानंतर नव्हे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असलीच पाहिजे (कलम 537). पाळकीय मंडळ (धर्मग्रामाच्या कामात सल्ला देणारं लोकांचं मंडळ) मात्र बिशपांनी ठरवलं तर असतं. दोन्ही सल्ला देतात, निर्णय फादरांचा. म्हणून ‘मंडळाने नामंजूर केलं’ अशी भाषा वापरलीत तर विषय तिथेच बिनसतो. आकडे घेऊन जा : पंखा कधी बसवला, दुरुस्तीला किती गेले, नव्याचं कोटेशन काय. खरं तर अशा कामातच माणूस कळतो. स्पीकरची वायर ओढायला दोन तास शिडी धरलीत, तर दहा जेवणांइतकी ओळख होते.

प्रश्न : प्रायश्चित्त संस्कारात (पापकबुलीच्या वेळी) फादरांनी आवाजावरून ओळखलं तर?

उत्तर : ओळखलं तरी ते कुणाला सांगता येत नाही, तिथे कळलेली गोष्ट तुमच्या विरोधात वापरताही येत नाही. गुप्तता मोडणं हा गंभीर गुन्हा आहे. तरीही अवघडल्यासारखं वाटत असेल तर शेजारच्या चर्चमध्ये जा. फादरांना त्याचा राग येत नाही. पण त्या जाळीपाशी घरची भांडणं, शेताची मोजणी, मुलाची नोकरी काढू नका. मागे माणसं थांबलेली असतात. त्यासाठी ती वीस मिनिटांची वेळ घ्या.