वारकरी बालशिबिरात पहिल्यांदाच मुलं सांभाळणाऱ्या माउलींसाठी

माउली, जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या आळंदीत तुम्ही मे महिन्यात मुलांसोबत राहणार, याचा फार आनंद वाटला.

पहाटे काकड्याला तेरा-चौदा वर्षांची पोरं पेंगणारच. ओरडू नका, हातात टाळ द्या आणि शेजारी उभे राहा. पावली, म्हणजे टाळाच्या तालावर टाकायची पावलं, चुकली तर स्वतः हळू करून दाखवा. चारचौघांत बोललेलं या वयात फार लागतं.

रात्री अंथरुणं घालताना एखादा हळूच विचारेल, "देव खरंच ऐकतो का?" पाठ केलेलं उत्तर देऊ नका. तुम्हाला कुठे आधार वाटला, कुठे शंका आली, खरं तेच सांगा. माझा हरिपाठ लहानपणापासून तोंडपाठ. पण त्याचा अर्थ मी शोधू लागलो तो या पोरांच्या प्रश्नांमुळेच.

मुलांचे मोबाईल जमा कराल, तेव्हा आपलाही त्याच पेटीत टाका.