'समतल' की 'पाणसळीत'? पूल टेबलाच्या पुस्तिकेतला एक पेच

प्रश्न असा आला आहे : मागणीप्रमाणे सागवानी पूल टेबलं ('पूल' हा बिलियर्ड्ससारखा काठी-चेंडूंचा खेळ) बनवणाऱ्या एका कारखान्याची जोडणी-पुस्तिका मराठीत करायची आहे. मूळ मजकुरात 'लेव्हल' आणि 'फ्लॅट' हे दोन शब्द सतत येतात. दोन्हींसाठी 'समतल' वापरला तर चालेल का?

नाही चालणार. एरवी 'समतल' हा काही वाईट शब्द नाही, पण तो तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. 'समतल जमीन' म्हणजे खाचखळगे नसलेली. 'दोन्ही खोल्यांची फरशी समतल आहे' म्हणजे एकीतून दुसरीत जाताना पायरी लागत नाही. आणि 'टेबल समतल करा' म्हटलं की माणूस उतार काढायच्या मागे लागतो. पूल टेबलात ही तीन वेगळी कामं आहेत. प्रत्येकाचं हत्यार वेगळं, दुरुस्तीची जागाही वेगळी. पुस्तिकेत एकच शब्द आला तर कारागीर पायाखाली पाचर मारत बसेल आणि दोष असेल वरच्या दगडात.

पहिला शब्द 'सपाट', म्हणजे मुळातला 'फ्लॅट'. नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग २५४० × १२७० मिलिमीटरचा असतो. त्याखाली एक इंच जाडीची स्लेट (दगडाची लादी), बहुधा तीन तुकड्यांत, आणि तिचं एकूण वजन सुमारे ३०० किलो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत या पृष्ठाला लांबीत साधारण ०.५ आणि रुंदीत ०.२५ मिलिमीटर एवढाच फरक चालतो. ही मोजणी सपाटपणाची आहे, उताराची नव्हे. ती घ्यायची तर सरळ धारेची पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ धातूच्या पट्ट्या) सरकवायचा. भिंतीला तिरकी टेकवलेली काचसुद्धा सपाटच असते. तेव्हा पाणसळीतल्या, म्हणजे उतार तपासायच्या हत्यारातल्या, बुडबुड्याकडे पाहून सपाटपणा कळत नाही.

दुसरा शब्द 'पाणसळीत', म्हणजे मुळातला 'लेव्हल' : कुठेच उतार नसलेलं. गवंडी आणि सुतार हा शब्द आजही बोलतात, त्यामुळे तो जुना म्हणून टाकून देऊ नये. भिंत ओळंब्यात (सरळ उभी), चौकट गुण्यात (काटकोनात), ओटा पाणसळीत : मराठीत ही त्रयी तयार आहे आणि एकीच्या जागी दुसरी येत नाही. मात्र पुस्तिकेत कुठली पाणसळ तेही लिहा. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पाणसळीचीही अचूकता मीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे टेबलाच्या पूर्ण लांबीत सव्वा मिलिमीटर इकडे-तिकडे. सांगाडा उभारायला ती पुरते. स्लेटसाठी यंत्रं बसवणारे फिटर वापरतात ती, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी हवी. ठेवल्या जागी तिची टोकं अदलाबदल करून पाहायची. बुडबुडा दोन्ही वेळा टेबलाच्या त्याच बाजूला तितकाच सरकला तरच ती खरं बोलते आहे.

इथे कुणी 'समुद्रसपाटी' पुढे करेल, कारण त्या शब्दात सपाटी आहे आणि अर्थ मात्र पातळीचा आहे. आक्षेप रास्त आहे. पण स्थिर पाणी आपल्यापुरतं सपाटही असतं आणि पाणसळीतही. दगडाचं आणि लाकडाचं तसं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे स्लेटच्या तुकड्यांमधला सांधा. तिथे 'एका पातळीत' म्हणावं. सांध्याला 'दरज' हा गवंड्यांचा शब्द चपखल बसतो, कारण पुढची क्रिया दरज भरण्याचीच आहे. आधी मधली लादी बसवायची, मग बाजूच्या दोन. दरजेवरून नख फिरवलं तर अडता कामा नये. अडलं तर खाली बसलेल्या लादीच्या पोटाशी, सांगाडा आणि दगड यांमध्ये, जाड कागदाची किंवा लाकडाची पातळ पाचर सरकवायची, स्क्रू आवळायचा आणि पुन्हा तपासायचं. स्क्रू जास्त आवळला तर दगड तेवढ्याच जागी खाली वाकतो आणि साधलेला सपाटपणा जातो. शेवटी मधमाशीचं मेण वितळवून दरज भरायची आणि धारदार पात्यानं दगडाबरोबर खरवडायची. कापड ताणल्यावर यातलं काहीही दुरुस्त करता येत नाही.

'नंतर काय बिघडतं' या प्रकरणात तर ही शब्दांची विभागणी फारच उपयोगी पडेल. हळू सोडलेला चेंडू टेबलभर एकाच दिशेला वळतो : पाणसळ गेली, पायाशी दुरुस्ती. दोन्ही बाजूंनी सोडलेला चेंडू मध्याकडेच झुकतो : लादीला झोळ आलाय, सांगाड्याच्या मधल्या आडव्या तुळईवर पाचर. ठरावीक रेषेवर टुणकन उडतो : दरज. वळण दर खेपेला बदलत असेल तर आधी चेंडू बदलून पाहावा.

सांगाड्याच्या लाकडाबद्दल 'वाकडं' हा ढोबळ शब्दही टाळा. लांबीत वाकलं तर 'बाक', टोकं विरुद्ध दिशांना फिरली तर 'पीळ'. बाक रंध्यानं काढता येतो, पीळ पडलेली तुळई या कामातून बाजूलाच ठेवावी. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. २०० मिलिमीटर उंचीच्या सागवानी तुळईतला ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ती दीड मिलिमीटरपर्यंत उंच होऊ शकते. चारही बाजू सारख्या फुगल्या तर बिघडत नाही. पण मुंबईच्या पावसाळ्यात एक बाजू एसीच्या झोतात आणि दुसरी उघड्या खिडकीशी असेल तर फरक पडतोच. म्हणून पुस्तिकेत 'पावसाळ्यानंतर टेबल पाणसळीत आहे ना ते पाहा' हे वाक्य हवंच.

'स्लेट'ला 'पाटी' म्हणू नका, शाळा डोळ्यांपुढे येते. 'स्लेटची लादी' म्हणा. 'रेल' आणि 'कुशन' दोन्ही तसेच राहू द्यावेत : रेल म्हणजे लाकूड, कुशन म्हणजे त्याला चिकटवलेलं रबर. दोन्हींना 'कड' म्हटलंत तर माप चुकेल. रबराच्या टोकाची उंची चेंडूच्या व्यासाच्या ६३.५ टक्के असते, म्हणजे ५७.१५ मिलिमीटरच्या चेंडूसाठी सुमारे ३६.३ मिलिमीटर, आणि ती लादीच्या वरच्या पृष्ठापासून मोजायची असते, रेलच्या लाकडापासून नाही.